मामांचं २०२२-२३ चं रिटर्न राहिलंय. कापलेला टीडीएस आता परत मिळतो का?

कृष्णाकाठी | ८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

माझे मामा सांगलीजवळ राहतात. साखर कारखान्यातून क्लार्क म्हणून निवृत्त झाले, आता वय ६६. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे एका सहकारी बँकेत एफडी करून ठेवलेत, थोडे गावच्या पतसंस्थेत आहेत. २०२२-२३ या आर्थिक वर्षात बँकेने व्याजावर एकूण ३१ हजार टीडीएस कापला. १५एच (टीडीएस कापू नका म्हणून ज्येष्ठांनी बँकेला द्यायचा फॉर्म) कोणी दिलाच नव्हता.

त्या वर्षाचं रिटर्न भरलं गेलं नाही. मे २०२३ मध्ये मामींचं दुखणं निघालं, मग सगळं घर मिरजेच्या वाऱ्या करत होतं. मामी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेल्या. पुढच्या वर्षाचं रिटर्न मावसभावाने वेळेत भरलं, पण हे मधलं तसंच राहिलं.

दिवाळीत गेलो तेव्हा मामांनी पासबुकं पुढ्यात टाकली, "बघ जरा, एवढे सरकारकडे अडकलेत." पोर्टलवर त्या वर्षाचा पर्यायच दिसत नाही. गावातला एक एजंट म्हणतो आयटीआर-यू (मुदतीनंतर भरायचं सुधारित रिटर्न) भरू, तीन हजार द्या, होऊन जाईल. दुसरा म्हणतो गेले ते पैसे, विसरा. खरं काय?

शून्य_शिल्लक | ८ नोव्हेंबर, रात्री १०.०५

सोडून द्या हो. इन्कम टॅक्सवाल्यांच्या नादाला कशाला लागता? ३१ हजारांसाठी फाइल उघडायची आणि मग त्यांनी मागची दहा वर्षं उकरायची.

तळेगावकरीण | ८ नोव्हेंबर, रात्री १०.१२

३१ हजार तुम्हाला थोडे वाटत असतील. कारखान्याच्या पेन्शनवर वर्षभरात तेवढेच हातात येतात.

वहीखाते | ८ नोव्हेंबर, रात्री ११.२०

कृष्णाकाठी, एजंटला दमडी देऊ नका. मी नाशिकला सीए आहे, हे रोजचं काम.

मुदत उलटलेल्या रिटर्नमध्ये फॉर्म नंतर बघायचा. आधी कागदावर हिशेब मांडायचा आणि एवढंच बघायचं की शेवटी पैसे द्यायचे निघतात की यायचे. रस्ता तिथे फुटतो. नव्वद टक्के लोक आधी फॉर्म धरून बसतात, मग अडकतात.

साध्या पगारदार-पेन्शनरची मूळ मुदत ३१ जुलै. ती चुकली तर त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत कलम १३९(४) खाली उशिराचं रिटर्न भरता येतं आणि त्यात परतावाही मागता येतो. मामांच्या बाबतीत ती तारीख होती ३१ डिसेंबर २०२३. ती गेली म्हणून पर्याय दिसत नाही.

त्याच्यापुढे दोन रस्ते.

पैसे द्यायचे असतील तर आयटीआर-यू, म्हणजे कलम १३९(८ए). २०२२ च्या वित्त कायद्याने ही सोय आली. तेव्हा असेसमेंट इयर (आर्थिक वर्षाच्या लगेच पुढचं वर्ष) संपल्यापासून २४ महिने मिळायचे, १ एप्रिल २०२५ पासून ४८ महिने झालेत. वर जादा कर द्यावा लागतो: पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, २४ पर्यंत ५०, ३६ पर्यंत ६० आणि ४८ पर्यंत ७० टक्के. सरकारने ही सोय तिजोरीत भर पडावी म्हणून केलीय. त्यामुळे परतावा मागायला, आधीचा परतावा वाढवायला, तोटा दाखवायला किंवा कर कमी करून घ्यायला ती चालतच नाही. तुमचा एजंट एक तर भरू शकणार नाही, किंवा फॉर्म पुढे सरकावा म्हणून नसलेलं उत्पन्न दाखवेल. दुसरं जास्त वाईट.

पैसे यायचे असतील तर कलम ११९(२)(बी), विलंब माफीचा अर्ज. आम्ही त्याला कंडोनेशन म्हणतो. सीबीडीटीचं, म्हणजे आयकर खात्याच्या केंद्रीय मंडळाचं, १ ऑक्टोबर २०२४ चं परिपत्रक क्रमांक ११ सध्या लागू आहे. असेसमेंट इयर संपल्यापासून पाच वर्षांत अर्ज करता येतो. पूर्वी सहा होती. परताव्याची रक्कम एक कोटीपर्यंत असेल तर निर्णय प्रिन्सिपल कमिशनर किंवा कमिशनर घेतात. अर्ज मंजूर झाला की मगच रिटर्न भरायचं.

मामांचं आर्थिक वर्ष २०२२-२३, म्हणजे असेसमेंट इयर २०२३-२४. ते ३१ मार्च २०२४ ला संपलं. तुमच्याकडे ३१ मार्च २०२९ पर्यंत वेळ आहे. घाई नाही, पण उशीर जितका कमी तितकं कारण पटायला सोपं.

आता मला आकडे द्या. पोर्टलवरून २६एएस (पॅनवर जमा टीडीएसचा उतारा) आणि एआयएस (खात्याकडे असलेली उत्पन्नाची माहिती) डाउनलोड करून बघा. पतसंस्थेचं व्याजही धरा. पतसंस्था सभासदाचा टीडीएस सहसा कापत नाही, म्हणून ते २६एएसमध्ये दिसणार नाही. दिसत नाही म्हणजे करपात्र नाही असं नव्हे. आपल्याकडे निम्मं गाव इथे गंडतं.

कृष्णाकाठी | ९ नोव्हेंबर, दुपारी १.१५

खूप आभार साहेब. मामांच्या लॉगिनने बघितलं आणि नवीनच भानगड निघाली. मामांच्या २६एएसमध्ये टीडीएस फक्त २२,००० दिसतोय, २ लाख २० हजार व्याजावर. उरलेले ९,००० कुठे गेले म्हणून पावत्या काढल्या, तर एका एफडीवर पहिलं नाव मामींचं आहे आणि दुसरं मामांचं. म्हणजे ते ९,००० मामींच्या पॅनवर जमा झालेत?

पतसंस्थेचं व्याज २८,०००. पेन्शन वर्षाला ३०,००० च्या आसपास.

लेजरवाले_आजोबा | ९ नोव्हेंबर, दुपारी २.३०

हो, बँकेत पॅन पहिल्या नावाचा धरतात, टीडीएस त्याच्याच खात्यावर जातो. मी तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढली, हा घोटाळा घरटी एक. माणसं "दोघांचं आहे" म्हणतात, पण कॉम्प्युटरला दोघं कळत नाहीत.

वहीखाते | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.००

मामींच्या एफडीत पैसे कोणाचे होते, हे आधी सांगा. मामांनी आपले पैसे त्यांच्या नावावर टाकले असतील तर कलम ६४ प्रमाणे ते व्याज मामांच्या उत्पन्नात मिळवायचं, मामींच्या नव्हे. आणि माफीच्या अर्जात एक अट असतेच, की हे उत्पन्न दुसऱ्या कोणाच्या हातात करपात्र नाही. तिथे खोटं चालणार नाही.

कृष्णाकाठी | ९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.४५

मामींच्या माहेरच्या वाटणीचे. आजोबांची जमीन विकली तेव्हा चार भावंडांत वाटले गेले. मामींच्या खात्यात चेक जमा झालेली एंट्री पासबुकात आहे, तिथूनच एफडी झालीय.

वहीखाते | ९ नोव्हेंबर, रात्री ९.१०

उत्तम. मग ते उत्पन्न मामींचंच, आणि ते पासबुकाचं पान जपून ठेवा. अर्जही दोन वेगवेगळे.

मामा: बँक व्याज २,२०,००० + पतसंस्था २८,००० + पेन्शन ३०,००० = २,७८,०००. पेन्शनवर स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, पेन्शन कमी असल्याने तेवढंच, म्हणजे ३०,००० गेले. उरले २,४८,०००. ज्येष्ठ नागरिक म्हणून ८०टीटीबीचे, म्हणजे ठेवींच्या व्याजावरच्या वजावटीचे, ५०,००० वजा. राहिले १,९८,०००. जुन्या करपद्धतीत साठीनंतरची करमुक्त मर्यादा ३ लाख. कर शून्य, २२,००० पूर्ण परत.

दुसरी गोष्ट. ८०टीटीबी धरण्याआधीचं उत्पन्नही ३ लाखांच्या आतच आहे, म्हणजे मामांना रिटर्न भरणं बंधनकारकच नव्हतं. त्यामुळे २३४एफचं विलंब शुल्क लागू नाही. ते शुल्क एरवी ५,००० असतं, आणि उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००.

मामी: ९०,००० व्याज, बाकी काही नसेल तर कर शून्यच. ९,००० परत. पण त्या हयात नाहीत, तेव्हा आधी मामांना पोर्टलवर वारस म्हणून नोंदवावं लागेल.

या परताव्यावर व्याज मात्र मिळणार नाही. परिपत्रकात तसं स्पष्ट आहे.

कंदील | ९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

मध्येच विचारतो. उशिरा भरलं की ८०सी (पीएफ, विमा वगैरेची वजावट) मिळत नाही ना? ऑफिसात सगळे असंच सांगतात.

वहीखाते | ९ नोव्हेंबर, रात्री ९.५०

कुठलं वर्ष यावर आहे. असेसमेंट इयर २०२३-२४ पर्यंत जुनी पद्धत मूळ होती, नवी हवी असेल तर वेळेत निवडावी लागायची. म्हणून त्या वर्षांचं उशिराचं रिटर्न जुन्या पद्धतीने होतं आणि वजावटी मिळतात. २०२४-२५ पासून उलटं झालं. नवी पद्धत मूळ, जुनी हवी तर मुदतीत भरा. उशीर केला की ८०सी, घरभाड्याची सूट, सगळं गेलं. तुमच्या ऑफिसचं बरोबर आहे, पण सगळ्या वर्षांसाठी नाही.

पुणे_नगर_हायवे | १० नोव्हेंबर, सकाळी ८.२०

माझं उलटं आहे. २०२३-२४ मध्ये नोकरी बदलली. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या पगारावर स्लॅब आणि स्टँडर्ड डिडक्शन धरलं. दोन्ही फॉर्म १६ एकत्र केले तर ४०,००० कर कमी कापलाय. रिटर्न भरलं नाही. उत्पन्न ५ लाखांच्या वर आहे. आता किती बसेल?

वहीखाते | १० नोव्हेंबर, रात्री १०.४०

तुमचा रस्ता आयटीआर-यू. नोव्हेंबरात भरलं असं धरून मांडतो.

कर ४०,०००. रिटर्न उशिरा भरल्याचं २३४ए चं व्याज दरमहा १ टक्का, ऑगस्ट २०२४ पासून नोव्हेंबर २०२५ पर्यंत १६ महिने: ६,४००. आगाऊ कर न भरल्याचं २३४बी एप्रिल २०२४ पासून २० महिने: ८,०००. आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचं २३४सी हप्त्यांप्रमाणे २,०२०. कर आणि व्याज मिळून ५६,४२०. त्यावर २५ टक्के जादा कर १४,१०५. शिवाय २३४एफचे ५,०००, यावर मात्र २५ टक्के लागत नाहीत. सगळे मिळून ७५,५२५.

चाळिसाचे पंचाहत्तर. ३१ मार्च २०२६ ओलांडलं की २५ चे ५० टक्के होतील आणि व्याज चालूच. चलान भरताना असेसमेंट इयर २०२४-२५ निवडा. आर्थिक वर्ष डोक्यात असतं आणि बोट एक वर्ष मागे जातं, मग पैसे भलत्याच वर्षात पडतात आणि चलान दुरुस्तीच्या मागे लागावं लागतं.

पुणे_नगर_हायवे | १० नोव्हेंबर, रात्री १०.५५

बाप रे. नाहीच भरलं तर?

लेजरवाले_आजोबा | ११ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

बाळा, दोन्ही फॉर्म १६ त्यांच्याकडे एआयएसमध्ये एका पानावर आहेत. त्यांना शोधायला कुठे जायचं नाहीये.

वहीखाते | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.००

आजोबांशी सहमत. नोटीस आली की पर्याय एकेक करून बंद होतात. त्या वर्षाची असेसमेंट सुरू झाली तर आयटीआर-यू भरता येत नाही. आणि टीडीएस वजा जाता देय कर १०,००० च्या वर असेल तर रिटर्न न भरण्याबद्दल कलम २७६सीसी खाली खटलाही होऊ शकतो. भीती घालत नाहीये, सरसकट कोणावर करत नाहीत. पण ४०,००० त्या मर्यादेच्या वर आहेत.

शून्य_शिल्लक | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

आमच्याकडे एक कन्सल्टंट आहे, तो जुन्या वर्षांचंही रिफंड काढून देतो. मिळालेल्या रिफंडचे दहा टक्के घेतो. त्याला विचारून बघा.

तळेगावकरीण | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.४५

रिफंडवर टक्केवारी घेणारा माणूस रिफंड वाढवणारच. घरभाडं, राजकीय पक्षाला देणगी, दवाखाना, वाटेल ते घुसवतात. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने अशाच प्रकरणांत देशभर सुमारे १५० ठिकाणी कारवाई केली. बातमी वाचली असेलच. टक्का कन्सल्टंटला जातो, नोटीस ज्याच्या पॅनवर त्याला येते.

मांडवीतीर | ११ नोव्हेंबर, रात्री ८.१५

आम्ही मडगावचे. माझ्या सासऱ्यांचं असंच २०२२-२३ चं राहिलंय, एफडीवर टीडीएस कापलाय. वरचा हिशेब आम्हालाही तसाच लागू होतो का?

वहीखाते | ११ नोव्हेंबर, रात्री ९.३०

नाही! बरं झालं विचारलंत. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असेल तर आयकर कायद्याचं कलम ५ए लागतं. पगार ज्याचा त्याचा. पण व्याज, भाडं वगैरे बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं निम्मं. म्हणजे सासऱ्यांच्या नावावरच्या एफडीचं अर्धं व्याज सासूबाईंच्या रिटर्नमध्ये जाईल, टीडीएसही त्याप्रमाणे वाटला जाईल. अर्ज दोघांचे. फॉर्म आयटीआर-१ चालणार नाही, कारण त्यात शेड्यूल ५ए नाही. आयटीआर-२ घ्या.

मांडवीतीर | ११ नोव्हेंबर, रात्री ९.४०

देव बरें करूं. इथल्या सायबर कॅफेवाल्याने आयटीआर-१ चे पैसे आधीच घेतलेत, उद्या जाऊन परत मागते.

वाळवंटातला_कोकण्या | १२ नोव्हेंबर, रात्री ११.५०

दुबईहून. २०२१-२२ मध्ये पुण्यातला फ्लॅट विकला. घेणाऱ्याच्या सल्लागाराने नफ्यावर न कापता पूर्ण किमतीवर टीडीएस कापला, कारण मी अनिवासी. नफा अगदी थोडा होता. तेव्हा इथे नोकरी गेली, नवी शोधण्यात रिटर्न राहून गेलं. परतावा काही लाखांत जातो. अजून आशा आहे?

वहीखाते | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.४५

आहे. तुमचं असेसमेंट इयर २०२२-२३, अर्जाची शेवटची तारीख ३१ मार्च २०२८. तुमची फाइल आंतरराष्ट्रीय करआकारणीच्या कमिशनरकडे जाईल. हिशेबात फ्लॅट घेतल्याची किंमत, त्या काळचं इंडेक्सेशन (महागाईप्रमाणे खरेदी किंमत वाढवून धरणं) आणि विक्रीचा करारनामा हवा.

परिपत्रकात 'खरीखुरी अडचण' असा निकष आहे. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये एका अनिवासी भारतीयाच्या परताव्याच्या अर्जातच म्हटलंय की हे शब्द उदारपणे वाचायचे. दावा खरा असेल तर निव्वळ उशीर झाला म्हणून हक्काचे पैसे नाकारू नयेत, असा त्याचा रोख. अर्जात त्या निकालाचा दाखला द्या.

आणि आधी पॅन चालू आहे का बघा. आधार जोडलेलं नसेल तर १ जुलै २०२३ पासून पॅन निष्क्रिय झालेत. अनिवासींना जोडण्यातून सूट आहे, पण खात्याच्या नोंदीत तुम्ही अनिवासी आहात हे दिसलं पाहिजे. निष्क्रिय पॅनवर परतावा निघत नाही. कृष्णाकाठी, मामांचंही तपासा. वयाची सूट ऐंशीनंतर आहे, ६६ ला नाही.

कृष्णाकाठी | १३ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

मामांचं जोडलेलं आहे. मामींचं माहीत नाही, आता कळेल कसं?

लेजरवाले_आजोबा | १३ नोव्हेंबर, दुपारी १.००

पोर्टलच्या पहिल्याच पानावर 'लिंक आधार स्टेटस' आहे, लॉगिन लागत नाही. दोन्ही नंबर टाका, लगेच सांगतं.

कृष्णाकाठी | १३ नोव्हेंबर, दुपारी १.१०

जोडलेलं आहे! मामींनी रेशन दुकानाशेजारच्या केंद्रात स्वतः जाऊन केलं होतं, मामा म्हणतात.

आता वारस नोंदणीला काय काय लागतं? तलाठ्याकडचा वारस फेरफार चालेल का?

आजऱ्याचा_घनसाळ | १३ नोव्हेंबर, रात्री ८.००

वडिलांच्या वेळी केलंय, सांगतो. मामांच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये 'ऑथराइज्ड पार्टनर्स' आणि त्यात 'रजिस्टर ॲज रिप्रेझेंटेटिव्ह', तिथे मृत व्यक्तीचा वारस हा पर्याय. मृत्यूचा दाखला, मामींचं पॅन कार्ड आणि वारसाचा पुरावा जोडायचा. पुरावा म्हणून न्यायालयाचं किंवा महसूल खात्याचं वारस प्रमाणपत्र चालतं, हयात कुटुंबीयांचा दाखला चालतो, नोंदणीकृत मृत्युपत्र चालतं, कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रमाणपत्र चालतं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे बँकेचं लेटरहेडवरचं पत्र, शिक्का-सहीसकट, ज्यात नॉमिनी किंवा संयुक्त खातेदार म्हणून मामांचं नाव आहे. तुमच्या एफडीवर दुसरं नाव मामांचं आहेच. फेरफाराच्या मागे लागू नका, बँकेत जा.

मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळतंय का ते आधी पडताळा. आमच्याकडे दाखल्यावर 'दत्तू' आणि पॅनवर 'दत्तात्रय' होतं. तेवढ्यावरून एकदा परत आलं.

वहीखाते | १३ नोव्हेंबर, रात्री ९.३०

वरचं सगळं बरोबर. आता अर्जातलं कारण कसं लिहायचं, कारण प्रकरण मंजूर होतं किंवा पडतं ते इथे.

"घरगुती अडचणींमुळे रिटर्न भरता आलं नाही" हे वाक्य कोणी लिहू नका. असले अर्ज कमिशनर ऑफिसात ढिगाने येतात. तारखा लिहा. ३१ जुलै २०२३ ला घरात काय चाललं होतं? ३१ डिसेंबर २०२३ ला काय चाललं होतं? दवाखान्याची डिस्चार्ज कार्डं तारखेच्या क्रमाने लावा, त्यातली दोन तरी या दोन तारखांच्या आसपासची हवीत. केमोचं शेड्यूल असेल तर ते जोडा. मृत्यूचा दाखला जोडा.

पुढचा प्रश्न अधिकारी विचारणारच: पत्नी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेली, २०२४ च्या जुलैत तुम्ही पुढच्या वर्षाचं रिटर्न वेळेत भरलंत, मग हे तेव्हाच का नाही केलं? याचं खरं उत्तर तुमच्याकडे आहे. तोवर ३१ डिसेंबर २०२३ उलटून गेला होता, पोर्टलवर फक्त चालू वर्ष दिसत होतं, आणि माफीचा अर्ज करता येतो हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. तसंच लिहा. त्याला नटवू नका. मावसभावाने भरलं हेही लिहा.

सोबत काय: २६एएस, बँकेचं व्याज प्रमाणपत्र, पतसंस्थेचा उतारा, उत्पन्नाचा तक्ता, आणि मामींच्या अर्जात माहेरच्या पैशाची पासबुकातली एंट्री. पतसंस्थेचा उतारा तुम्ही होऊन जोडलात की अधिकाऱ्याला कळतं, हा माणूस लपवत नाही.

अर्ज पोर्टलवर 'सर्व्हिसेस' मध्ये 'कंडोनेशन रिक्वेस्ट' इथून. माझी सवय अशी, की छापील संच आयकर ऑफिसच्या वॉर्डातही नेऊन देतो आणि पोच घेतो.

कंदील | १३ नोव्हेंबर, रात्री १०.००

निर्णय कधीपर्यंत येतो?

वहीखाते | १३ नोव्हेंबर, रात्री १०.१०

ज्या महिन्यात अर्ज मिळाला तो संपल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावा असं परिपत्रक म्हणतं, 'शक्यतो'. त्या 'शक्यतो'त बरंच काही बसतं.

तळेगावकरीण | १४ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

एक विचारायचं राहिलं. आत्याने गेल्या वर्षीचं रिटर्न भरलं, पण ओटीपी टाकलाच नाही. पोर्टलवर 'ई-व्हेरिफिकेशन बाकी' दिसतंय. हे भरलेलं धरतात की नाही?

आजऱ्याचा_घनसाळ | १४ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

नाही धरत. ऑगस्ट २०२२ पासून पडताळणीला ३० दिवसच असतात, पूर्वी १२० असायचे. उशिरा पडताळणी केली तर पडताळणीची तारीख हीच भरल्याची तारीख. पण आत्याबाईंना नव्याने काही भरायचं नाही. त्याच 'कंडोनेशन रिक्वेस्ट' मध्ये पडताळणीच्या उशिराचा वेगळा पर्याय आहे, तिथे कारण द्या आणि ई-व्हेरिफाय करा.

वहीखाते | १४ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

कृष्णाकाठी, या सगळ्यात मामांचं २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं रिटर्न झालंय ना? त्याची मुदत वाढून १६ सप्टेंबर होती. झालं नसेल तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत साधं उशिराचं रिटर्न जातं, कसलाही अर्ज नको. ती तारीख घालवलीत तर हेच पुराण पुन्हा.

कृष्णाकाठी | १४ नोव्हेंबर, दुपारी १२.००

नाही झालं! मावसभाऊ यंदा बंगळुरूला गेला. मामांना वाटलं त्याने केलं, त्याला वाटलं मी करतोय. आज रात्रीच बसतो.

कृष्णाकाठी | २० डिसेंबर, रात्री ९.०५

अपडेट देतो. २०२४-२५ चं रिटर्न नोव्हेंबरातच गेलं, परतावाही मामांच्या खात्यात जमा झाला. वारस नोंदणी मंजूर झाली, बँकेच्या पत्रावरच काम झालं. शाखेत मॅनेजर म्हणाले असं पत्र आम्ही देत नाही. मग मामा समोरच्या खुर्चीत बसून राहिले, दुपारी पत्र मिळालं.

दोन्ही अर्ज पोर्टलवर टाकलेत. छापील संच सांगलीच्या ऑफिसात दिला. तिथल्या मॅडमनी डिस्चार्ज कार्डं चाळली आणि मामांच्या अर्जासोबत बँकेचं व्याज प्रमाणपत्र मूळ प्रत आणायला सांगितलं, आम्ही झेरॉक्स लावली होती. परवा नेऊन देतो. निर्णय आला की कळवेन.

मामा विचारतायत की १५एच आता एकदा दिला की झालं का?

लेजरवाले_आजोबा | २१ डिसेंबर, सकाळी ६.१५

नाही. दरवर्षी नवा, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, आणि ज्या ज्या बँकेत एफडी आहे तिथे तिथे. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजाला बँकेमागे एक लाखापर्यंत टीडीएस नाही, पण मामांचं व्याज त्याच्या वर आहे, तेव्हा द्यावाच लागेल. मामींच्या एफडीवरचं नाव बदलून घेतलंय का? नसेल तर आधी ते करा, नाहीतर पुढचा टीडीएसही त्यांच्याच पॅनवर जाईल.

कृष्णाकाठी | २१ डिसेंबर, सकाळी ८.३०

नाही घेतलं. सोमवारी बँकेत जातोच आहे, व्याज प्रमाणपत्र आणि नावबदल दोन्ही एका दमात उरकतो.